दोन जागांच्या मधली बाई

ती माझ्याकडे राहायची म्हणजे तेव्हा तिला राहायला दुसरी जागा नसायची. वाईट वाटून सांगत नाही, होतं तसं सांगते. परदेशातली एक संस्था होती, ती आपल्याकडे शिकवायला माणसं पाठवायची. पगार नाही, नुसतं राहणं-खाणं. ही त्यातली. एका जागी वर्षभर शिकवायचं, मग संस्था म्हणेल त्या दुसऱ्या जागी जायचं. एक जागा संपून दुसरी ठरेपर्यंत जे दिवस जायचे ते पनवेलला, माझ्या मागच्या खोलीत. कधी आठवडा, कधी दोन महिने. संस्थेचं ऑफिस मुंबईला, आणि त्यांना कसली घाई नसायची.

म्हणून ती शिकवायची कशी हे मी फारसं पाहिलेलं नाही. ते पाहिलं करंजाच्या लोकांनी, तळोज्याच्या लोकांनी, कर्नाळ्याखालच्या वाडीने. मी पाहिली ती मधली. पण माणूस मधेच जास्त कळतो असं माझं मत आहे. कामावर असताना सगळेच बरे दिसतात.

माझी तेव्हा एसटी स्टँडमागे खानावळ होती. नवरा गेल्यावर काढलेली. संस्थेचा एक माणूस कधीमधी जेवायला यायचा. त्याने विचारलं, काकू, एक मडम आहे, मागच्या खोलीत ठेवाल का? मी विचारलं, मासे खाते का? तो म्हणाला, सगळं खाते. म्हटलं, आण.

मला वाटलं होतं कोणी तरुण पोर असेल. आली ती साठीची. उंच, हाडकुळी, अंगात पुरुषाचा शर्ट आणि खाली सलवार, पायात कॅनव्हासचे बूट, आणि पाठीवर काळी गुंडाळी. स्टँडवर टांगा लावणारे एक चाचा होते, ते तिला म्हणाले, "मडम, चटई कितने की?" तिने गुंडाळी पाठीवरून काढली आणि टांग्याच्या चाकाला टेकवून पसरली. तो फळा होता. मेणकापडाचा, कडा हाताने शिवलेल्या. खिशातून खडू काढून तिने त्यावर चाचांचा घोडा काढला, त्याच्या मोडक्या कानासकट, आणि पुन्हा गुंडाळून माझ्याकडे आली. पुढे चाचा तिच्याकडून भाडं घ्यायला तयार नसायचे आणि ती टांग्यात बसायला तयार नसायची. म्हणायची, घोडा म्हातारा आहे, मीपण म्हातारी आहे, दोघं चालत जाऊ. आणि खरंच घोड्याच्या बाजूने चालत यायची. टांगा रिकामा, चाचा वर एकटे बसलेले, लाजून खाली बघत.

देश कुठला ते तिने सांगितलं होतं. तिकडे पाऊस आणि मेंढ्या पुष्कळ, एवढंच माझ्या लक्षात राहिलं. जन्मभर तिकडच्या शाळेत शिकवून निवृत्त झाली, आणि घरी बसवेना म्हणून इकडे आली. नवरा नाही, मूल नाही. का नाही केलंस लग्न, असं मी सरळ विचारलं होतं. म्हणाली, एकाने विचारलं होतं, पण तो फार बोलायचा. मला पटलं.

तिचं मराठी वाडीत शिकलेलं. पहिलं वर्ष ती कर्नाळ्याखाली, जंगलाच्या कडेला, कातकऱ्यांच्या एका वाडीत होती. तिथे कोणी कोणाला अहो-जाहो करत नाही. म्हणून हिचं सगळ्या जगाला 'तू'. जागा बदलली की परदेशी माणसाला पोलिसांत जाऊन नोंद करावी लागायची. तिथल्या साहेबाने उठून तिला खुर्ची दिली तर त्याला म्हणाली, "तू बस. मी बरी हाय." साहेब इंग्रजीत बोलायला लागले. ही म्हणाली, ती भाषा आमी इथं नाय बोलत. साहेबांनी चहा मागवला आणि शेजारच्या खोलीतल्यांना बोलावून हिचं बोलणं ऐकवलं. तिला त्यात काही वावगं वाटलं नाही.

गावातली शिकलेली माणसं आपली मुलं घेऊन यायची. मडम, याला जरा इंग्लिश बोलायला शिकवा. ती म्हणायची, त्याला शिकवायला पनवेलमध्ये पुष्कळ जण हायत, माझं काम पनवेलमध्ये नाय. लोकांना राग यायचा. एका वकिलीणबाईने मला ऐकवलं, तुमची मडम शिष्ट आहे. मी म्हटलं, शिष्ट नाही. ती नाही म्हणतेय, तेवढं ऐका.

वाडीनंतर तिला करंजाला पाठवलं. तिथे बंदरावर वारा, होड्यांची इंजिनं, मासळीचा लिलाव. त्यात तिचा वर्ग. तिथून माझ्याकडे आली ती ओरडतच. "काकू, मीठ दे" हे पार स्टँडपर्यंत ऐकू जायचं. जेवणारे दचकायचे. तिच्या ते ध्यानात यायला आठ-दहा दिवस गेले.

त्यानंतर तळोजा. तिथे कारखान्यातल्या कामगारांच्या चाळीत वर्ग होता. रात्रपाळी करून आलेले बाप दिवसा झोपलेले असायचे, आणि खोली एकच. म्हणून ती सगळं कुजबुजत शिकवायची. पाढेसुद्धा कुजबुजत. मुलांनी उत्तर हाताने द्यायचं. तिथून परत आली तेव्हा अंगाला त्या रसायनांचा वास आणि आवाज एवढासा. मी म्हटलं, घसा बसला का? तर मान हलवून नाही म्हणाली आणि बोटाने मीठ मागितलं. गिऱ्हाइकांना वाटलं आमच्या दोघींचं भांडण झालंय.

तिचं आणखी एक होतं. मुलाचं काही चुकलं की आपल्याकडे मास्तर त्याला कान धरायला लावतात, उठाबशा काढायला लावतात. ही उलटं करायची. मुलाचं चुकलं की स्वतःचे कान धरायची. म्हणायची, मी नीट शिकवलं असतं तर चुकलं नसतं. करंजाच्या कोळणींनी तिला या गोष्टीवरून फार छळलं. मासळी घ्यायला पनवेलहून कोणी गेलं की सांगायच्या, तुमची बाय येडी हाय, पोरं मुद्दाम चुकतात आणि ती कान धरते. मी तिला ते सांगितलं. म्हणाली, माहीत आहे. मुद्दाम चुकायला बरोबर काय ते माहीत लागतं.

शब्द दिला की संपलं. शहाणा शब्द असो की खुळा. करंजा सोडताना एका कोळणीने माझ्यासाठी सुके बोंबील बांधून दिले आणि सांगितलं, बाय, हे तुझ्या हाताने काकूच्या हातात दे, मधे कुठं ठेवू नको. हिने हो म्हटलं. उरणच्या स्टँडवर कंडक्टर म्हणाला, वास मारतो, बोचकं टपावर टाका. ही म्हणाली, हातातून सोडायचं नाय. कंडक्टर म्हणाला, मग चालत जा. तर खरंच चालत निघाली. मिठागराचा एक ट्रक पनवेलला येत होता, त्याने वाटेत उचलून घेतलं. दुपारी माझ्या दारात ट्रक थांबला आणि मिठाच्या गोणींवरून ही उतरली, तोंड लाल, बोचकं छातीशी धरलेलं. माझ्या हातात दिलं आणि मगच पाणी मागितलं. मी तिला खूप बोलले. या वयात उन्हात चालायचं काय कारण? बोंबील काय पळून जाणार होते? ती म्हणाली, बोंबील नाय, शब्द.

आता पाटीचं सांगते, कारण सगळं त्यापाशी येतं.

मराठी अक्षरं ती आमच्या स्टँडवर शिकली. बाकावर बसून गाड्यांच्या पाट्या वाचायची. उरण आधी, कारण त्याला काना-मात्रा काही नाही. मग पेण, एक मात्रा. मग पनवेल. कर्जत शेवटी, त्या रफाराने तिला फार दमवलं. आणि जशी शिकली तशीच शिकवायची. अननसाचा अ तिला पटत नव्हता. वाडीतल्या पोराने अननस कुठे पाहिलाय? गाडी पाहिलीय. मेणकापडावर ती पाटी काढायची, तिच्याखाली गाडीचं तोंड काढायची, आणि पोरांनी ओरडून सांगायचं कुठली गाडी आली.

यामागे कारण होतं. दसरा-दिवाळी झाली की वाडीतली माणसं वीटभट्टीवर जातात. मुकादम ट्रक आणतो, भांडीकुंडी, पोरं, कोंबड्या सगळं त्यात भरतो आणि नेतो. कुठे नेलं ते कधीकधी त्यांनाही माहीत नसतं. पावसाच्या तोंडावर परत आणतो. हिच्या पहिल्या वर्षी असंच एक पोर भट्टीवरून भटकलं आणि चार दिवस सापडलं नाही. तेव्हापासून तिने हेच धरलं होतं. म्हणायची, पनवेल वाचता आलं की पोर हरवणार नाही.

मी म्हणायचे, अगं, पाटी वाचून गाडीत कोण बसतं? विचारावं. मला चौथीपर्यंत शिकवलंय, वाचता येतं, तरी मी विचारतेच. त्यावर ती म्हणाली, तुला सांगतात. कातकऱ्याच्या पोरीला नाय सांगत. हाट म्हणतात.

ते खरं होतं.

त्या वाडीत बुधी नावाची एक मुलगी होती. ही तिथून निघाली तेव्हा बुधी आठ-नऊ वर्षांची असेल. हुशार आणि तोंडाळ, आणि अक्षरं अजून अर्धीच आलेली. बुधीने विचारलं, बाय, परत कवा येशील? आणि इथे अडचण होती. संस्थेचा नियम होता की सोडलेल्या जागी पुन्हा जायचं नाही. एक तर माणूस गुंततो, आणि दुसरं म्हणजे पुढे आलेल्या मास्तरला लोक मास्तर मानत नाहीत. हिने त्या नियमाला हो म्हटलेलं. म्हणून बुधीला म्हणाली, मी नाय येऊ शकत. तू ये. पाटी वाचता आली की तू ये. मी मधे मधे पनवेलला काकूकडं असते.

झालं. शब्द दिला.

त्यानंतर जेव्हा जेव्हा ती माझ्याकडे असायची तेव्हा संध्याकाळी स्टँडवर जाऊन बसायची. पेणकडून आलेल्या गाड्यांतून कोण उतरतं ते बघायची. आणि त्या बाजूला जाणारी गाडी निघाली की ती दिसेनाशी होईपर्यंत उभी राहायची. कर्नाळा काय लांब आहे? अर्ध्या तासाची वाट. मी चिडायचे. बस की गाडीत, बघून ये पोरीला, कोण बघायला येतंय मुंबईहून? ती म्हणायची, मी कबूल केलंय. मी म्हणायचे, मग इथे उभी राहून रडतेस कशाला? म्हणायची, रडत नाय, धूळ हाय. धूळ होती हेही खरं.

बुधी काही आली नाही. वाडीतल्या बायका मोळ्या विकायला पनवेलला यायच्या, त्यांच्याकडून कळायचं. पोर मोठी झालीय, भट्टीवर विटा उलटते, धाकट्यांना सांभाळते. वाचते का, असं ही विचारायची. त्या हसायच्या. पाट्या वाचते म्हणे, ट्रकवर लिहिलेलंसुद्धा वाचते, मुकादमाला राग येतो.

तळोज्यानंतर आणखी एक जागा झाली, आणि मग संस्थेने सांगितलं की आता पुरे. वय झालं, गुडघे गेले, परवान्याची मुदतही संपत आलेली. घरी जा. दिवस ठरला, होळीच्या दुसऱ्या दिवसाचा. दुपारी चारला ऑफिसची गाडी येणार आणि तिला विमानाला नेणार. तिने त्यांना सांगितलं, मी चारला तयार असेन.

मग तिने बुधीला निरोप धाडला. नवीन पनवेलला तेव्हा इमारती उठत होत्या, विटांचे ट्रक रोज यायचे. त्यातल्या एका ट्रकवर वाडीतलाच माणूस होता. बुधीचं घर त्या वर्षी पेणच्या अलीकडे कुठल्यातरी भट्टीवर होतं. निरोप असा की बाय देश सोडून चाललीय, होळीच्या दुसऱ्या दिवशी पनवेलला तुझी वाट बघते, यायचं तर ये. दोन दिवसांनी तोच माणूस उत्तर घेऊन आला. येते म्हणाली. होळीची भट्टी बंद असते. आणि वर म्हणाली, कुणी आणून सोडू नका, मी वाचून येते.

त्या दिवशी ती सकाळपासून स्टँडवर. ट्रंक माझ्या दारात बांधून ठेवलेली, फळा पाठीवर. मी डबा घेऊन गेले तर जेवली नाही. पेणकडून गाडी आली की उठायची, सगळी माणसं उतरेपर्यंत बघायची, परत बसायची. धुळवडीचे रंगलेले लोक येत-जात होते. कोणीतरी तिच्या गालाला गुलाल लावून गेलं, तिला पत्ता नव्हता. चाचा घोडा सोडून तिच्या शेजारी येऊन बसले.

चारला ऑफिसची गाडी आली. ड्रायव्हर आणि एक तरुण साहेब, टाय लावलेला. त्याने ट्रंक ठेवली. ती उठली आणि गाडीत जाऊन बसली. दार ओढून घेतलं. मी खिडकीशी गेले. तिचं तोंड पांढरं पडलं होतं, गुलाल तेवढा लाल. साहेब म्हणाला, चला. मी ड्रायव्हरला म्हटलं, थांब रे.

तिला विचारलं, "पोरीचं काय?"

"चारला मी तयार असेन म्हटलं होतं, काकू."

"आणि पोरीला काय म्हटलं होतंस?"

तिने पेणच्या रस्त्याकडे बघितलं. हात मांडीवर, एकात एक घट्ट.

मी म्हटलं, "दोन शब्द दिलेस. त्यातला एक आज मोडणारच. मोठ्या माणसाला दिलेला मोड. मोठी माणसं रागावतात आणि विसरतात."

तिने मांडीवरचे हात सोडवले. मग दार उघडून खाली उतरली. साहेब म्हणाला, मडम, विमान थांबत नाही. मग माझ्याकडे वळला आणि मला बोलायला लागला, तुम्ही कोण, तुम्हाला काय अधिकार. मी त्याला विचारलं, जेवलात का? तो नाही म्हणाला. त्याला खानावळीत बसवला, तळलेले बोंबील वाढले. जेवताना माणूस फार रागावू शकत नाही, हे मी धंद्यात शिकलेय.

पाच वाजले, सहा वाजले. साहेब स्टँडसमोरच्या फोनवरून मुंबईशी बोलून आला आणि कपाळाला हात लावून बसला. मला आत कुठेतरी वाटायला लागलं की आपण चुकीचं सांगितलं.

दिवे लागायच्या सुमाराला पेणकडची गाडी आली. सगळे उतरले आणि शेवटी एक मुलगी उतरली, बारा-तेरा वर्षांची, केस लाल पडलेले, परकर विटांच्या धुळीने भरलेला. तिच्या परकराला धरून दोन छोट्या. मी ओळखलं नाही, पण बाई उभी राहिली. मुलगी तिच्याकडे आली नाही. आधी गाडीच्या पुढे गेली, मान वर करून पाटी बघितली, नीट बघितली. मग आली.

आणि म्हणाली, "बाय, पाटी खोटं सांगते."

झालं होतं असं. पाटी पत्र्याची असते, एका बाजूला पनवेल आणि दुसऱ्या बाजूला पेण. गाडी पोचली की कंडक्टरने उतरून ती उलटायची. निम्मे कंडक्टर उलटत नाहीत. रोजच्या माणसांना फरक पडत नाही, ती पाटी बघतच नाहीत, विचारून बसतात. बुधी सकाळीच भट्टीवरून निघाली. पनवेल कुठल्या अंगाला ते तिला माहीत नव्हतं, ट्रकमधून अंधारात आणलेलं. रस्त्यावर उभी राहिली. एक गाडी आली, तिच्यावर लिहिलेलं पनवेल. तिने बरोबर वाचलं. धाकट्या बहिणींना घेऊन चढली. धुळवडीच्या गर्दीत कंडक्टर तिकीट मागायला तिच्यापर्यंत पोचलाच नाही. गाडी पनवेलहून येऊन पेणला चालली होती.

पेणला उतरून तिने काकूची खानावळ शोधली. लोक म्हणाले, इथे अशी खानावळ नाही. तिला वाटलं, मुद्दाम सांगत नाहीत. बराच वेळ शोधून परत स्टँडवर आली तेव्हा तिने वर बघितलं आणि स्टँडवर मोठ्या अक्षरात लिहिलेलं वाचलं. पेण. तिचं तिनेच वाचलं. तेव्हा कळलं की आपण वाचलं ते बरोबर, पण गाडी उलटी.

मग पनवेलची गाडी आली, पाटीवर पनवेल लिहिलेलं. ती चढली नाही. दुसरी आली, तीही जाऊ दिली. आता पाटीवर भरवसा ठेवायचा कसा? आणि विचारलं तर हाट म्हणत होते. छोट्या रडायला लागल्या. शेवटी ती एका गाडीच्या दारात आडवी उभी राहिली आणि कंडक्टरला म्हणाली, कुठं जाते ते सांग, नायतर सोडत नाय. तेव्हा त्याने सांगितलं.

हे सगळं तिने स्टँडच्या मधोमध उभं राहून बाईला सांगितलं, तक्रार सांगावी तसं. कमरेवर हात. छोट्या दोघी बाईच्या गालावरचा गुलाल बघत होत्या. शेवटी म्हणाली, "पाटी उलटवतात, ते तू शिकवलंच नाय."

बाईने पाठीवरून फळा उतरवला, खाली ठेवला. दोन्ही हातांनी कान धरले. आणि उठाबशा काढायला लागली. साठी उलटलेली बाई, गुडघे गेलेले, भर स्टँडमध्ये. लोक जमले. कोणी हसलं, चाचांनी त्याच्याकडे असं बघितलं की हसू तिथेच थांबलं. एक काढली, दुसरी काढली. गुडघ्यांचा आवाज मला ऐकू येत होता. पुढच्या वेळी खाली बसली ती उठताच येईना. कान तसेच धरलेले.

बुधी पुढे झाली. तिने बाईचे हात कानांवरून काढले, एक हात स्वतःच्या खांद्यावर घेतला आणि तिला उभी केली.

म्हणाली, "पुरे, बाय. येवडं बी नाय चुकलं."

विमान गेलं. साहेब रागावला आणि दुसऱ्या दिवशी नाश्त्यापर्यंत विसरला. त्याच दुसऱ्या दिवशी संध्याकाळच्या विमानात तिला जागाही मिळाली. धुळवडीच्या रात्री मागच्या खोलीत चौघी झोपल्या. मी दार लावायला गेले तर छोट्या झोपलेल्या आणि या दोघी कुजबुजत होत्या. तळोज्याची सवय.

सकाळी पोरींना गाडीत बसवायला गेलो. आता भट्टी कुठल्या बाजूला ते बुधीला कळलं होतं. तिने पाटी वाचली, मग पुढे जाऊन कंडक्टरला विचारलं. तो तिकिटं बघत होता, त्याने लक्ष दिलं नाही. तिने पुन्हा विचारलं, आधीपेक्षा मोठ्याने. बाई मागे उभी होती, मधे पडली नाही. त्याने सांगितलं. मग बुधीने धाकट्यांना वर चढवलं.

फळा बाईने तिच्या पाठीवर बांधला. पट्टा मोठा होत होता, त्याला गाठ मारली. चाचांना राहवलं नाही. म्हणाले, "बेटी, चटई कितने की?"

"चटई नाय," बुधी म्हणाली. "इकायची बी नाय."

गाडी निघाली. मला वाटलं आता ही नेहमीसारखी दिसेनाशी होईपर्यंत उभी राहणार. नाही राहिली. गाडी फाटकातून बाहेर पडायच्या आत वळली आणि घराकडे चालायला लागली, चहा कर म्हणाली. संध्याकाळी ऑफिसच्या गाडीत बसून गेली. मला मिठी वगैरे मारली नाही. मलाही ते आवडलं नसतं. खिडकीतून एवढंच म्हणाली की काकू, मीठ कमी खा.

पुढचं मला फारसं माहीत नाही. तिने काही कळवलं नाही, आणि मी पत्ता विचारला नव्हता. ती आता नसणार, हिशेबाने नसणारच. बुधी आणखी दोन-तीनदा आली होती, मोळी घेऊन. लग्न होऊन कर्जतकडे गेली. वाडीतली बाई म्हणत होती, तिथे ती झावळ्यांच्या झापाखाली पोरं गोळा करून बसते. खरं-खोटं मी बघायला गेले नाही. मेणकापड एवढी वर्षं टिकत नाही, पण नवीन शिवता येतं.

आता गाड्यांना दिव्याच्या पाट्या आल्यात. आपोआप बदलतात, कोणी उलटायला लागत नाही म्हणे. परवा पेणला भाचीकडे जायचं होतं. पाटीवर लाल अक्षरात पेण दिसत होतं. मी दारातल्या कंडक्टरला विचारलं, पेणलाच जाते ना? पोरगेलासा होता. म्हणाला, "आजी, एवढं मोठं लिहिलंय, वाचता येत नाही का?"

म्हटलं, "येतं. म्हणूनच विचारते."